आम्हाला हिंदी येत नाही

आमच्या ह्यांनी, म्हणजे विलासरावांनी, रिटायर झाल्यावर एकच काम हाती घेतलं: नवा टीव्ही. उज्जैनच्या फ्रीगंज बाजारातलं एक दुकान सोडलं नाही. त्रेचाळीस इंची घ्यावा की पंचावन्न, वॉरंटी किती, सगळं विचारायचं, दुकानदाराचा चहा प्यायचा आणि "बघतो" म्हणून घरी यायचं. प्रत्येक जण मोबाइल नंबर मागे, आणि हा गृहस्थ बिनदिक्कत माझा नंबर देई. स्वतःचा दिला तर लोक त्रास देतात म्हणे.

झालं! कुकरची शिट्टी होते न होते तोच फोन. मैडम, टीव्ही की वारंटी. मैडम, चैनल का पैक. दुपारी जरा डोळा लागला की आणखी कुणीतरी. दिमागाचं नुसतं दही झालं. एकदा अशी भडकले की तोंडातून निघून गेलं, मला हिंदी समजत नाही, मराठीत बोला. पलीकडून फोन कट. आता, मी इथल्याच एका शाळेत जन्मभर हिंदी शिकवली आहे, पण ते खोटं मला फार गोड लागलं. भिशीत सगळ्यांना युक्ती सांगितली. अपर्णा, मृणाल, वासंतीवहिनी, सगळ्या उज्जैनमध्येच लहानाच्या मोठ्या झालेल्या, भाजीवाल्याशी तासभर हुज्जत घालणाऱ्या बायका. रातोरात हिंदी विसरल्या.

काही दिवस सुखात गेले. मग एका दुपारी फोन आला. नमस्कार काकू, मी मुक्ता, टीव्हीच्या जादा वॉरंटीबद्दल बोलू का? स्वच्छ मराठी! फोन ठेवायचं सोडून मी विचारत सुटले, कुठली गं तू, इकडे कशी. लातूरकडची, लग्न होऊन इंदूरला आलेली. हिंदी कळते पण बोलताना जीभ वळत नाही, म्हणून कुणी नोकरी देईना. तेवढ्यात या कंपनीच्या लक्षात आलं की उज्जैनच्या मराठी बायकांना हिंदी येत नाही. खास आमच्यासाठी तिला ठेवलं, महिन्याच्या बोलीवर. जमलं तर कायम, नाहीतर घरी. आणि घरी सासूबाईंनी बजावलं होतं, हे जमलं नाही तर पुन्हा नोकरीचं नाव काढायचं नाही.

मी कपाळावर हात मारून घेतला. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

पण वॉरंटी काही मी घेणार नव्हते. सरळ विचारलं, "तुझ्या आईला घेऊ दिली असतीस का ही?"

ती हळूच म्हणाली, "नाही, काकू."

आणि एकदा खरं बोलल्यावर ती थांबेचना. टीव्हीबरोबर येते ती वॉरंटी पुरे, जादाच्या कागदात काय काय मिळणार नाही तेच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. सोफा ते भिंत सहा-सात फूटच असेल तर त्रेचाळीस इंच पुष्कळ. दुकानात चित्र मुद्दाम भडक ठेवतात, घरच्यासारखं लावून दाखवा म्हणायचं. नंबर मागितला तर द्यायचा नाही. आणि १९०९ वर मेसेज केला की असले फोन बंद करता येतात, मैत्रिणींनाही सांगा.

"मग तुझं काय?"

"माझाही फोन बंद होईल."

मला राहवेना. सांगून टाकलं की मुली, मला हिंदी येते, आम्हा सगळ्यांनाच येते, आम्ही खोटं बोललो. तशी ती म्हणाली, काकू, कॉल रेकॉर्ड होतोय. मी फोन ठेवायलाच निघाले. पण साहेबांना मराठी येत नाही, असं म्हणून ती खुदकन हसली, आणि मीही.

माझ्याकडून कळताच अपर्णा पुढच्या भिशीत १९०९ चा मेसेज लिहून तयारच बसली होती. सगळ्यांना मीच चिथावलेलं, आता मीच आडवी पडले. म्हटलं, "आपण खोटं बोललो म्हणून त्या पोरीला नोकरी लागली. आता शहाण्यासारखं वागून तीच घालवायची का? महिनाभर कळ काढा." नाकं मुरडली, पण एकीनेही मेसेज पाठवला नाही. महिनाभर साऱ्या जणी फोनवाल्यांसाठी तोंडावर आलेले शिव्याशाप गिळत बसल्या. वॉरंटी मात्र कुणी घेतली नाही, ते मी आधीच बजावलं होतं.

मी रोज संध्याकाळी मुक्ताला तिच्या स्वतःच्या फोनवर हिंदी शिकवू लागले. का-की-केमध्ये अडखळायची, 'दही खट्टा'ऐवजी 'खट्टी' म्हणायची, मी ओरडायची, ती पुन्हा म्हणायची. शाळेत इतकी मन लावून शिकणारी मुलगी मला मिळाली नव्हती. मध्येच ह्यांनी टीव्हीही आणला, त्रेचाळीस इंचीच.

महिना संपला त्या संध्याकाळी तिचा फोन आला. थेट हिंदीत. "मैडम, साहब ने मेरी हिंदी सुनकर मुझे शिकायत वाले विभाग में रख लिया है। अब मैं किसी को परेशान नहीं करूँगी, लोग मुझे करेंगे।"

मी पडले मास्तरीण, सवयीने चूक शोधत होते. एकही सापडली नाही, तेव्हा मात्र मी घळाघळा रडले.