गोल गोट्यांची जागा

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले होते. यात्रेकरूंसाठी विश्रामगृह चालवणारे भाऊ त्यावर बोट फिरवत बायकोला सांगत होते, "जागा तीच, नदीकाठची. खिडकी उघडली की पाणी! या खेपेला भिंत तेवढी दुप्पट जाड."

"भिंत जाड होईल हो, पण नदी थोडीच बारीक होणार आहे?" वहिनी म्हणाल्या.

गेल्या वर्षी डोंगरावरून पूर आला. वरचं मंदिर तेवढं शाबूत राहिलं. भाऊंच्या अकरा खोल्या बघता बघता वाहून गेल्या. पहाटे पूजेला उठलेल्या वहिनींनी दारोदार थापा मारून पाहुण्यांना मंदिराच्या पायऱ्यांवर चढवलं, म्हणून माणसं वाचली. आता यात्रा पुन्हा सुरू व्हायची होती आणि भाऊंना घाई झाली होती.

पाया खणायला म्हातारे गवंडीमामा आले. जुनं विश्रामगृहही त्यांनीच बांधलेलं. खड्डा कमरेइतका झाला आणि ते कुदळ टाकून काठावर बसले.

"काय मामा, दमलात?"

"हात नाही दमले." मामांनी खड्ड्यातला एक गुळगुळीत गोटा भाऊंच्या हातात ठेवला. "डोंगरातून सुटलेल्या दगडाला धारदार कडा असतात. असा गोल दगड नदीच घडवते. खाली बघा, थरावर थर हेच. ही नदीची वाट आहे, भाऊ. आपण तिच्या वाटेत घर बांधलं आणि म्हणतो, देव कोपला!"

"मग वीस वर्षांपूर्वी का नाही बोललात?" भाऊ उसळले.

मामांची मान खाली गेली. "तेव्हाही हेच गोटे निघाले होते. तुमची हौस पाहिली आणि भिडेपोटी गप्प बसलो. त्या पहाटे वहिनी उठल्या नसत्या तर? ते पाप माझ्या माथी. पुन्हा नाही करणार. हवं तर दुसरा गवंडी बघा."

भाऊ गोटा हातात फिरवत राहिले. थापा मारून सुजलेले वहिनींचे तळवे त्यांच्या डोळ्यांपुढे आले. छे! खिडकीतल्या पाण्यासाठी माणसांचे जीव टांगणीला लावायचे?

"वरच्या उतारावर बांधू," ते हळूच म्हणाले. "ही जागा तिची तिला."

"लग्नानंतर पहिल्यांदा माझं ऐकलंत!" चहा घेऊन आलेल्या वहिनी म्हणाल्या.

"तुझं कुठे? मामांचं ऐकलं."

"चालेल. कुणाचं का असेना, ऐकलंत ना!"

पुढच्या पावसाळ्यात पाणी त्या मोकळ्या जागेवर आलं, दोन दिवस राहिलं आणि मुकाट्यानं निघून गेलं. वर एक पाहुण्या बाई कुरकुरल्या, "इथून नदी दिसत नाही हो!"

"पाणी ओसरलंय, पाच मिनिटं चालून या, ताई," भाऊ म्हणाले. "दर्शनाला आपण जायचं असतं. देवाला आपल्या खिडकीशी नाही बोलवायचं."

वाचकहो, डोंगरात देव आहे असं आपण मानतो, तर त्याच्या पाण्याची वाटही त्याचीच. ज्या हातांनी नमस्कार करायचा, त्याच हातांनी ती अडवू नये. आणि ज्याला धोका दिसतो, त्यानं वेळेवर बोलावं. भिडेपोटी धरलेलं मौनसुद्धा एक दिवस कुणाचं तरी घर वाहून नेतं.