हैबतीचा खरखरीत नारळ

सयाजी मुंबईला साहेबांच्या क्लबात कामाला होता. काम काय, तर साहेबांनी चेंडू सोडून पाडलेल्या लाकडी बाहुल्या पुन्हा उभ्या करायच्या. शिमग्याला तो पोलादपूरजवळच्या आपल्या वाडीत आला आणि चुलतभाऊ हैबतीच्या अंगणात त्याने तोच खेळ मांडला. बाहुल्यांच्या जागी बांबूची दहा नळकांडी, चेंडूच्या जागी नारळ.

"आणि दादा, वाटेवर तेल लावायला लागतं."

"अंगणाला तेल? त्याचे काय सांधे धरलेत?"

हैबती हसला खरा, पण करंजेलाची बुधली आणून त्याने अंगणाचा अलीकडचा अर्धा भाग चोपडलाही. पलीकडचा कोरडाच ठेवला, कारण साहेबांकडे तसंच असतं.

मग नारळांची परीक्षा झाली. सोडताना मनगटाला पीळ द्यायचा, म्हणजे नारळ शेवटी वळतो. सोललेला, काचेने घासून गुळगुळीत केलेला नारळ तेलावरून सुळकन निघाला, पण पुढेही वळला नाही. कडेचं एक नळकांडं पाडून गेला. सोडणासकटचा, म्हणजे न सोललेला खरखरीत नारळ मात्र तेल संपताच वळला आणि बरोबर मध्ये घुसला. आठ नळकांडी आडवी!

"बघ दादा," सयाजी समजावू लागला, "तेलावर कुणालाच पकड नाय. पुढं कोरडं लागलं की खरखरीत अंग भुई धरतं नि वळतं. पण सगळंच कोरडं असलं तर तो निघाल्या निघाल्या वळंल. तिथं गुळगुळीतच बरा."

हे शेवटचं हैबतीने ऐकलंच नाही. तो शेजारच्या वाडीत कोंडाजीकडे पैज लावायला पोचलासुद्धा. एकेकदाच नारळ सोडायचा, जास्त पाडील तो जिंकला. कोंडाजीने नवी छत्री लावली. हैबतीने लावला तांबडा कोंबडा. तो कोंबडा बायकोचा, तुळजाबाईचा. पिल्लू असताना तिने त्याला पदराखाली घेऊन वाढवलेला. तिला जिंकल्यावर सांगू, असं हैबतीने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी माणसं येणार एवढंच तुळजाबाईला कळलं होतं. सकाळी ती बाहेर आली तर अंगण तेलकट! पाहुण्यांसमोर असलं अंगण कोणती बाई ठेवील? तिने राख टाकून तेल खरवडलं आणि शेणाने सगळं लख्ख सारवलं. माणसं जमेपर्यंत ते उन्हात खडखडीत वाळलं.

हैबतीने कपाळावर हात मारला, पण तोवर कोंडाजीने नारळ सोडलाही होता. त्याचाही सोडणासकटचा. तो निघाल्या निघाल्या वळला, थेट अंगणाच्या कडेला बांधलेल्या म्हशीकडे गेला. म्हशीने लाथ घातली. नारळ परत आला आणि चार नळकांडी पाडून थांबला.

"चार!" कोंडाजी नाचला.

"म्हशीनं पाडली ती!"

"म्हस तुझी, अंगण तुझं. मी कुठं काय केलं?"

आता हैबतीला सयाजीचं शेवटचं वाक्य आठवलं. तो चुलीपाशी धावला. तुळजाबाईने गुळगुळीत नारळ फोडायला कोयता उचललाच होता.

"थांब गो! तो नारळ दे."

"का? कालवणाला काय घालू?"

"नायतर कोंबडा जाईल."

"कोणाचा कोंबडा?"

हैबती डोकं खाजवू लागला. त्या खाजवण्यावरून तिला सगळं कळलं. कोयता खाली ठेवून ती नारळासकट अंगणात आली.

"कोंबडा माझा, नारळ माझा, सारवण माझं. टाकणार पण मीच. तुमी म्हशीला धरा."

"वैनी, हे पैजेत नव्हतं!" कोंडाजी ओरडला.

"म्हस होती काय पैजेत?"

माणसं खो खो हसली. तुळजाबाईने पदर खोचला, सयाजीने तिथल्या तिथे करून दाखवला तसा मनगटाला थोडा पीळ दिला आणि नारळ सोडला. गुळगुळीत नारळ कोरड्या सारवणावरून सरळ गेला, अगदी शेवटी जरासा वळला आणि नळकांड्यांत शिरून फुटला. सात पडली. पाणी कोंडाजीच्या धोतरावर उडालं.

"पुन्हा एक डाव!" कोंडाजी छत्री कवटाळून म्हणाला.

"लावू की," तुळजाबाईने त्याच्या हातातली छत्री काढून घेतली. "पण आता कोंबडा नाय. आमचे हे लावते. तुमी जिंकलात तर घेऊन जा."

कोंडाजीने म्हशीची शेपटी धरून उभ्या असलेल्या हैबतीकडे नीट पाहिलं, आणि घरची वाट धरली.