सरळ दाते की तिरके?

आमच्या घरातली भांडणं सासूवरून झाली नाहीत, पैशावरून झाली नाहीत. झाली ती गिअरवरून. माझा नवरा वितोमिर आयुष्यभर गिअरबॉक्स उघडत आणि मिटत आला. माझ्या स्वयंपाकघरातलं एकही पातेलं असं नाही, की ज्यात त्याने कधी ना कधी बेअरिंग धुतलेलं नाही. गाडी मात्र आमच्याकडे एकच. जुनी, बुटकी, मागे इंजिन असलेली फिचा. रविवारी मी तिच्यात बसून बाजाराला जायचे आणि मे महिन्यात वितोमिर तिलाच घेऊन ब्रेझाकच्या चढावरच्या शर्यतीत उतरायचा.

ती गाडी धावायला लागली की किंचाळायची. तिच्या गिअरचे दाते सरळ कापलेले होते ना! सरळ दाता दुसऱ्या दात्यावर एकदम आपटतो, अख्ख्या लांबीने, म्हणून बोंब होते. पण ताकद पूर्ण देतो, आणि शाफ्टला बाजूला ढकलत नाही. तिरका दाता हळूहळू सरकत बसतो, म्हणून गुपचूप असतो. तुमच्या-माझ्या रोजच्या गाडीत तिरकेच असतात. शर्यतवाले सरळ घालतात आणि मग त्यांच्या बायका घसा फोडून बोलतात. मी तिसऱ्या वळणावर पिता, म्हणजे आमची चीज भरून भाजलेली पापुद्र्यांची पोळी, घेऊन उभी असायचे, तेव्हा गाडी दिसायच्या आधीच मला कळायचं की हा माझा आहे.

सप्टेंबरात, मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत दुसऱ्या गिअरचे दाते तुटले. वितोमिरने सगळा गिअरबॉक्स खोलून माझ्या मेणकापडावर मांडला आणि ओब्रादला बोलावलं. ओब्राद म्हणजे आमचा कुम. आमच्या लग्नात साक्षीला उभा राहिला होता, आणि आमच्याकडे कुम म्हणजे सख्ख्या भावाच्याही वरचा. देवाला एकदा नाही म्हणता येईल, कुमाला नाही म्हणता येत नाही. शिवाय गिअर कापायचं यंत्र तालुक्यात फक्त त्याच्याकडे, आणि मे महिन्यात त्याचीही गाडी शर्यतीत असायची.

मी अंगणात लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होते. दोघं बाकावर रकिया, म्हणजे आमची फळांची घरगुती दारू, घेऊन बसले.

"सरळच कापतो," ओब्राद म्हणाला. "यंदा पोलाद चांगलं मिळालंय. मेमध्ये सगळ्यांना मागे टाकशील."

"तिरके काप," वितोमिर म्हणाला.

ओब्रादचा पेला ओठापाशीच थांबला. "काय रे, ताप आलाय का तुला? तिरके घालून शर्यतीत उतरणार? म्हातारी माणसं चर्चला जाताना तुला मागे टाकतील!"

"टाकू देत. स्तामेन्का गाडीत बोलते ते मला ऐकूच येत नाही. हे गिअर ऐकू देतील तर ना! आता तिचं ऐकायचंय मला."

माझ्या हातातली मिरची करपून कोळसा झाली. लग्न झाल्यापासून या माणसाने माझ्यासाठी एवढं मोठं काही सोडलं नव्हतं. मी धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

"बरं बाबा," ओब्राद कुरकुरत म्हणाला. "तिरके तर तिरके. रिव्हर्स तेवढा सरळ राहील, तो सगळ्याच गाड्यांत सरळ असतो. मागे मागे किती जाणार आहे माणूस?"

नोव्हेंबरात गाडी तयार झाली. मी ठेवणीतला स्कार्फ बांधला आणि आम्ही बाजाराला निघालो. खरंच सांगते, गाडी लोण्यासारखी चालत होती. मला माझाच श्वास ऐकू येत होता. मग मी जी सुरू झाले! बहिणीच्या गुडघ्याचं सांगितलं, नव्या बेकरीवाल्याची पाव लहान करण्याची चोरी सांगितली, आपण अंगणात अक्रोड लावावा का ते विचारलं.

"हो," वितोमिर म्हणाला. "हो, हो."

ब्रेझाकचा चढ आला. तो दुसऱ्या गिअरमध्येच राहिला, आणि मागे इंजिन गळा काढायला लागलं.

"अरे, गिअर बदल की!"

"हो, छान ऊन पडलंय."

पुढच्या गिअरला त्याने असा खडखडाट केला की मला ओब्रादच्या पोलादाची दया आली. हा माणूस झोपेतसुद्धा गिअर चुकला नसता. समोर बघत, अगदी साध्या आवाजात मी म्हटलं, "वितोमिर, मी उद्या पाद्रीबाबांबरोबर पळून जातेय."

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "लवकर निघालेलं बरं."

एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी नाही हसू आलं. दोष गिअरचा नव्हताच. इतकी वर्षं कानाशी किंचाळणाऱ्या गाडीवर त्याने सगळं ढकललं होतं, आणि मीही. घरात तो ओरडून बोलायचा तेव्हा मी म्हणायचे, वर्कशॉपची सवय. हाक मारली तरी आला नाही की म्हणायचे, आडमुठा आहे. कान कधी गेले ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

उरलेल्या रस्त्यात मी गप्प बसले. थोड्या वेळाने त्याने माझ्याकडे पाहिलं.

"गप्प का गं? आता तर सगळं ऐकू येतंय."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्यानंतर त्याने एक नवंच खूळ काढलं. बेकरी आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. वितोमिर तिथे गाडी उलटी न्यायला लागला. फाटकातून मागे निघायचं आणि विहिरीजवळून, चर्चच्या भिंतीजवळून थेट बेकरीपर्यंत मागे मागेच जायचं. पाव घ्यायचा, सरळ पुढे घरी यायचं. कोंबड्यांना कुठे पळावं ते कळेना. समोरची म्हातारी फाटकावर येऊन मला म्हणाली, "बाई गं, तुझा नवरा घराकडे तोंड करून बाहेर जातो. डोक्याचं बघ काहीतरी."

"तुझ्या कोंबड्यांचं तू बघ," मी म्हटलं. पण मनात मी हबकले होते. कान गेले ते गेले, आता डोकंही चाललं की काय?

दुसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा मी दार उघडून शेजारी बसले. त्याने रिव्हर्स टाकला आणि गाडी किंचाळली. तोच जुना आवाज! सरळ दात्यांचा. वेग वाढला तसा तो आवाज चढला, विहिरीपाशी वितोमिरने पाय उचलला तसा उतरला. त्याचा पाय आणि तो आवाज असे जोडीने चालले होते, की जणू दोघं एकत्र नाचत होते. क्लच रेशमासारखा, खडखडाट नाही, धक्का नाही. माझ्या मूर्ख डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. इंजिनाची घरघर त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती, गिअर बदलायचा तो त्या किंचाळण्यावरूनच. चार पुढचे गिअर ओब्रादने मुके करून ठेवले होते. मागचा एकच बोलका उरला होता, आणि माझा नवरा रोज सकाळी पावाच्या निमित्ताने त्याचं बोलणं ऐकायला जात होता.

आणखी एक गोष्ट मला त्याच फेरीत दिसली. मागे बघण्यासाठी तो मान वळवून बसला होता, त्याचं तोंड अगदी माझ्या तोंडासमोर होतं. मी म्हटलं, "बेकरीवाल्याला म्हणावं, पाव करपवू नकोस."

"कालचा करपलाच होता," तो म्हणाला.

म्हणजे ओठ दिसले की त्याला माझं सगळं कळत होतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला रडायचं होतं आणि त्याला ते दिसू द्यायचं नव्हतं.

डिसेंबरात संत निकोलाचा सण आला. हा आमच्या घराण्याचा संत. त्या दिवशी कुणाला आमंत्रण द्यायचं नसतं, येतो तो आपला, आणि घरधन्याने दिवसभर उभं राहून वाढायचं. उपासाचे दिवस म्हणून मासे होते, कोबीच्या पानात भात गुंडाळलेली बिनमांसाची सार्मा होती, संतासाठी शिजवलेले गोड गहू होते. ओब्राद मेणबत्तीजवळच्या मानाच्या जागी बसला होता. वितोमिरने सगळ्यांचे पेले भरले, स्वतःचा उचलला आणि म्हणाला, "कुमा, वसंतात येऊन फिचा घेऊन जा. तुझी झाली ती. माझं शर्यतीचं पुरे झालं."

ओब्रादने माझ्याकडे पाहिलं. वितोमिर हसत होता, पण पेल्याला ओठ लावत नव्हता. ही गाडी गेली की हा माणूस खुर्चीत बसेल आणि उठणार नाही, हे मला लख्ख दिसलं. आता मूग गिळून बसले तर मी कसली बायको?

मी जाऊन त्याच्या समोर उभी राहिले. पाहुण्यांसमोर नवऱ्याचं व्यंग काढू नये असं माझ्या आईने शिकवलं होतं. आईचा नवरा गिअरबॉक्स उघडत नव्हता.

"वितोमिर, माझ्याकडे बघ. तुला ऐकू येत नाही."

"ते गिअर..." तो म्हणाला.

"गिअर मुके होऊन महिना झाला. दोष त्यांचा नाही. तुझे कान गेलेत, राजा. तू बेकरीपर्यंत मागे मागे का जातोस ते मला कळलंय."

त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "मला वाटलं, गिअरचा आवाज बंद झाला की त्याच्यामागे दडलेला तुझा सापडेल. मागे काहीच नव्हतं गं."

मी ओब्रादकडे वळले. "कुमा, सरळ दाते काप. चारही."

"आणि तुझं बोलणं?" वितोमिर चिडून म्हणाला. मी ओब्रादला काय म्हटलं ते त्याने ओठांवरून टिपलं होतं. "त्या बोंबेत मी मेलो तरी तुझं कळणार नाही! नको. मी नाही बसवणार."

तेव्हा ओब्राद उठला. एवढा अवाढव्य माणूस, पण मिशीला माशाचा रस्सा लागलेला होता. वितोमिरला ओठ दिसावेत म्हणून त्याने आधी रुमालाने तोंड पुसलं.

"तुझ्या लग्नात मी उभा होतो. तेव्हापासून तुझ्याकडे काही मागितलं नाही. आज कुम म्हणून मागतो. मी सरळ दाते कापणार आणि तू ते बसवणार. आता म्हण नाही!"

वितोमिरने पेला पुन्हा उचलला. कुमाला नाही कोण म्हणणार?

"लबाड आहेस," तो म्हणाला. "सणाच्या दिवशी पकडलंस."

"मग कधी पकडू? एरवी तू मागे मागे पळतोस!"

सगळे इतके हसले की मेणबत्ती विझता विझता राहिली.

हिवाळ्यात मी त्याला डॉक्टरकडे नेलं. कानात घालायचं यंत्र मिळालं. घरात घालतो तो ते, गाडीत मात्र काढून खिशात ठेवतो, कारण त्या किंचाळण्यात यंत्र शिट्ट्या मारतं. मे महिन्यात मी तिसऱ्या वळणावर पिता घेऊन उभी होते. खालून आवाज चढला, तुटला, पुन्हा आणखी वर चढला, आणि एकही गिअर चुकला नाही. नंबर आला चौथा. ओब्राद पाचवा आला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

आणि रविवारी? रविवारी मी पुन्हा त्या बोंबलणाऱ्या डब्यात बसते. काही बोलायचं असलं की त्याच्या गुडघ्यावर थाप मारते. तो गाडी कडेला घेतो, इंजिन बंद करतो आणि पूर्ण माझ्याकडे वळून बसतो. कान चांगले होते तेव्हा या माणसाने माझं ऐकायला एकदाही गाडी थांबवली नव्हती. आता बाजाराला पोचायला दुप्पट वेळ लागतो, आणि मला त्याची अजिबात घाई नाही.

परवा ब्रेझाकच्या ऐन चढावर मी थाप मारली. त्याने गाडी थांबवली. मागे एक ट्रॅक्टर अडकला आणि हॉर्न वाजवायला लागला. वितोमिरला त्याचं काय! तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"काय गं?"

काही सांगायचं नव्हतं. सहज मारली होती थाप. म्हणून मी म्हटलं, "मी उद्या पाद्रीबाबांबरोबर पळून जातेय."

त्याने नीट विचार केला.

"ही गाडी नेऊ नकोस," तो म्हणाला. "अख्ख्या गावाला ऐकू जाईल."

ट्रॅक्टरवाला उतरून आमच्या खिडकीशी आला, तरी आम्ही हसतच होतो.