कळंबची डीपी, नरसिंहपूरची डीपी

सकाळी सव्वाआठला कळंबच्या शिवारातली डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, फुटली. शेतीपंपांची लाइट नुकतीच आली होती. ट्रान्सफॉर्मरमधले उकळते तेल खाली उभ्या असलेल्या आफताब या वायरमनच्या अंगावर उडाले. त्याला बारामतीला हलवले.

दुपारी माधवी कळंबला पोचली. बारामतीतल्या एका छोट्या कारखान्यात ती ट्रान्सफॉर्मरचे डिझाइन करते. फुटलेल्या ट्रान्सफॉर्मरचे डिझाइन तिचेच. क्षमता तेवढीच, वजन कमी, असा पर्याय तिने संगणकावर शोधला होता. तार बारीक केली, आतली गुंडाळी आवळून धरणारे आधारही कमी केले. चाचणीत तो पास झाला होता.

तिने फाटलेल्या टाकीत पाहिले. गुंडाळी जागेवरून सरकली होती.

"ऑटो सगळ्यांचे चालू असतात?" लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणाऱ्या स्टार्टरबद्दल तिने जमलेल्या शेतकऱ्यांना विचारले.

"व्हय की," सर्जेराव म्हणाले. त्यांची मोटर याच डीपीवर होती. "लाइट आली की समद्या मोटरी एकदम उठत्यात. बटण दाबायला कोण येतंय रानात? तुमच्या कन्हेरीत येत्यात का?"

 कन्हेरीत, तिच्या गावी, वडिलांच्या मोटरीला ऑटो माधवीनेच बसवून दिला होता. डिझाइनच्या हिशेबात मात्र तिने मोटरी एकामागून एक सुरू होतील असे धरले होते. सुरू होताना मोटर कितीतरी पट करंट ओढते. सगळ्या एकदम उठल्या की दणका गुंडाळीला बसतो, आणि तो रोज बसत होता.

याच डिझाइनचा दुसरा ट्रान्सफॉर्मर नरसिंहपूरला होता. तिथे चार वाजता लाइट येणार होती.

तिने मालक राजवर्धन यांना फोन केला. वीज कार्यालयाला पत्र देऊन तो बंद करायला सांगा, म्हणाली.

"पत्र दिलं की चूक आपली ठरली. आधी चौकशी होऊ दे."

तिने स्वतःच वीज कार्यालयाला फोन केला, तर त्यांनी कंपनीचे पत्र मागितले. मग तिने नरसिंहपूरच्या युवराज या शेतकऱ्याला फोनवर गाठले. तिथली डीपी त्याच्याच बांधावर होती.

"दादा, सगळ्यांना ऑटो बंद करायला सांगा. मोटरी एकेक करून चालू करा."

"ताई, मागनं चालू करणाऱ्याची मोटर व्होल्टेज पडून उचलत न्हाय. हितं पंगतीला कुणी थांबत न्हाय, पाण्याला थांबतील व्हय?" तो हसत म्हणाला.

"कळंबला माणूस भाजलाय, दादा."

तो हसायचा थांबला. "मग मीच जाऊन फ्यूज काढतो. पेटी डीपीखालीच हाय."

"तुम्ही जवळ जाऊ नका!"

फोन कट झाला होता.

चारला नरसिंहपूरची लाइट सोडल्याचे उपकेंद्रातून कळले. युवराजच्या फोनची रिंग वाजते आहे. अजून कोणी उचललेला नाही.