दाजींनी सावरलेला बर्फ

दाजी धाकटीच्या संस्थेचे संचालक होऊन आले तेव्हा तिला हिमनद्या मोजायला लागून चौदा वर्षं झाली होती. दाजी म्हणजे तिच्या ताईचे यजमान. याआधी त्यांनी बंदर खातं आणि पर्यटन खातं सांभाळलं होतं, आणि दोन्हीकडे भिंतींचे रंग बदलण्यापलीकडे त्यांनी काही केल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बर्फ त्यांनी पाहिला होता तो पेल्यात.

धाकटीचं काम साधं होतं. मे महिन्यात आर्क्टिकमधल्या एका मोठ्या हिमनदीवर जायचं, वाफेच्या नळीने बर्फात पाच मीटर खोल भोकं पाडून काठ्या रोवायच्या, आणि पुढे उन्हाळाभर त्या किती उघड्या पडल्या ते मोजायचं. जेवढी काठी वर, तेवढा बर्फ वितळलेला. दाजी तिची ओळख करून देताना 'आमची काठीवाली' म्हणत आणि स्वतःच हसत.

माणसाला अक्कल नसली तर नशीब तरी भरभरून मिळतं. दाजी आले आणि ओळीने तीन उन्हाळे तिथे ढगाळ गेले. कमी दाबाची हवा हिमनदीवर ठाण मांडून बसायची, ऊन झाकलं जायचं, ऐन जुलैत नवा बर्फ पडायचा आणि तो पांढराशुभ्र थर उरलंसुरलं ऊनही परतवून लावायचा. काठ्या जेमतेम कंबरेइतक्या उघड्या पडल्या. दाजींनी दर वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर छापलं, 'बर्फ सावरतो आहे.' खाली त्यांचा स्वतःचा फोटो, जणू रोज सकाळी बर्फाला औषध तेच पाजत होते.

धाकटीने पहिल्याच वर्षी एकदा त्यांना समजावून पाहिलं. ही सगळी वाऱ्याची मर्जी आहे, ती म्हणाली, एकूण हवा तर तापतेच आहे. उंचावरून वाहणारा वाऱ्यांचा पट्टा ज्या वर्षी वाकून उत्तरेकडे चढेल, त्या वर्षी जास्त दाबाची हवा बर्फावर येऊन बसेल. मग आकाश मोकळं, ऊन थेट, आणि पश्चिमेच्या कडेने दक्षिणेची उबदार हवा उत्तरेला खेचली जाईल. असल्या ढगाळ वर्षांची कसर एका उन्हाळ्यात निघेल.

दाजी फोनमध्ये बघत ऐकत होते. "काठ्या तू मोज," ते म्हणाले, "अर्थ मी काढतो."

अहवालावरून तिने पुन्हा वाद घातला नाही. गाढवापुढे गीता वाचायला तिला कमीपणा वाटत होता. तिन्ही अहवालांवर तिने मुकाट्याने सही केली आणि मनातल्या मनात दाजींची अशी काही सालटी काढली की तेवढ्यावरच तिचं समाधान झालं.

चौथ्या वर्षी दाजींनी हिमनदीकाठची मुक्कामाची लाकडी केबिन उंच खडकावरून खाली, वितळलेल्या बर्फाच्या ओढ्याजवळ हलवली. कारण काय, तर पाहुण्यांना चढ चढवत नाही. जुलैत ते स्वतः धाकटीला आणि पाच पाहुण्यांना घेऊन निघाले. पाहुण्यांत दोन पत्रकार, बाकीचे खात्यातले. धाकटीने दाबाचा नकाशा पाहिला होता. जास्त दाबाची हवा नेमकी बर्फावर बसली होती आणि हलायचं नाव घेत नव्हती. दौरा पुढे ढकला, तिने सांगितलं.

"ऊन आहे ना? मग छानच," दाजी म्हणाले. "फोटो चांगले येतील."

फोटो चांगलेच आले. अकरा दिवस आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. वरचा पांढरा थर गेला, खालचा जुना, मळकट बर्फ उघडा पडला आणि ऊन पिऊ लागला. काठ्या माणसाच्या उंचीच्या वर गेल्या, दोन तर वाकल्या. बाराव्या दिवशी दुपारी ओढा केबिनच्या पायरीला लागला. दाजी पाहुण्यांना सांगत होते की हे नेहमीचंच आहे, आणि कॉफीचा दुसरा कप ओतत होते. धाकटीने त्यांना विचारलंही नाही. तिने पाहुण्यांच्या हातात सामान दिलं, त्यांना एकमेकांशी दोरीने बांधलं आणि खडकावर नेलं. सर्वांत शेवटी दाजी आले, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. तासाभरात केबिन कुरकुरली, तिरकी झाली आणि ओढ्यातून निघून गेली. एक पत्रकार भराभर लिहीत होता. दाजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अनपेक्षित. हा शब्द नक्की घाला."

चौकशी झाली. धाकटी तयारीने गेली होती. नकाशे, आकडे, सगळं. समितीच्या बाईंनी ते शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मग तिन्ही अहवालांवर ही सही कुणाची?"

"माझी."

"का केलीत?"

तिने समोरच्या नकाशांची चळत सारखी केली. दाजींच्या मूर्खपणावर ती दोन तास बोलू शकली असती.

तिला लेखी ताकीद मिळाली. दाजींची बदली झाली, आधीपेक्षा मोठ्या खात्यात. असल्या माणसांना खाली पडणं जमत नाही, ते नेहमी वरच पडतात.

रविवारी ती ताईकडे गेली. दाजी बाहेरच्या खोलीत फोनवर नव्या खात्यातल्या भिंतींचे रंग ठरवत होते. ताई स्वयंपाकघरात कपडे इस्त्री करत होती. ताईला यातलं काय कळणार, असं धरून धाकटीने वरवरचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. ताईने तिला मध्येच थांबवलं.

"तो कसा आहे ते मला बावीस वर्षांपासून माहीत आहे," ती म्हणाली. "घरातली एकही सही मी त्याच्या भरवशावर केलेली नाही. तू एकदा येऊन सांगितलं असतंस तर त्याला खाली बसवून ऐकायला लावलं असतं मी. तुला मीही त्याच्यासारखीच बिनडोक वाटले ना?"

धाकटीचा चेहरा तापला. नाही म्हणायला तिने तोंड उघडलं, पण ते खोटं होतं आणि ताईला ते कळलं असतं. ताईने शर्टाची कॉलर उलटवली, तिच्यावरून सावकाश इस्त्री फिरवली, आणि पुढचा शर्ट घ्यायला हात पुढे केला. धाकटीने तो उचलून दिला.