साडेसहा बाय चारची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी शिलाईची मशीन आहे. मी ब्लाउज शिवले, नर्सचे गणवेश शिवले, पँटच्या पायांच्या कडा दुमडल्या. पण सगळ्यात जास्त मी भिंती शिवल्या. हसू नका. खरंच सांगते.

माझा जन्म लुधियान्याच्या एका कारखान्यात झाला. काळं अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, खाली पायाने चालवायचा लोखंडी पायटा. बोटीने मी दुबईला आले आणि तिथल्या देरा भागातल्या एका दुकानात सहा महिने उभी राहिले. मग इचलकरंजीचं एक जोडपं मला घेऊन गेलं. नवऱ्याचं नाव नागेश, बायकोचं कमलिनी. दुबईच्याच सतवा भागातल्या एका गल्लीत त्यांनी शिंप्याचं दुकान घातलं. नागेशराव कापड बेतायचे, बाई शिवायच्या. दुकान इतकं अरुंद होतं, की नागेशरावांनी कापड पसरलं की बाईंना पाय वर घेऊन बसावं लागे.

गल्लीत चौदा जुने व्हिला होते. बैठे, पुढे अंगण, अंगणात बदामाचं झाड. मूळचे मालक नव्या मोठ्या घरांत राहायला गेले होते. त्यांच्या जागी फिलिपिन्सची माणसं आली. कुणी दवाखान्यात नर्स, कुणी मॉलमध्ये सेल्सगर्ल, कुणी मरीना भागातल्या हॉटेलात वेटर. एका हॉलमध्ये आठ दुमजली पलंग, म्हणजे सोळा माणसं. प्रत्येकाच्या वाट्याला पलंगाचा फक्त एक मजला.

एक दिवस मारिव्हिक नावाची सलूनमधली मुलगी हॉटेलची जुनी चादर घेऊन आली. तिथलं बोलणं मोडक्या हिंदी-इंग्रजीत चालायचं, मी ते मराठीत सांगते. ती म्हणाली, "आते कमल, मला एक भिंत शिवून दे." आते म्हणजे त्यांच्यात थोरली बहीण.

बाईंना आधी कळेना. मग त्या स्वतः व्हिलात गेल्या, पलंग मापून आल्या. साडेसहा फूट लांब, चार फूट उंच. त्या दिवशी मी पहिला पडदा शिवला. मारिव्हिकने तो पलंगाभोवती ओढला आणि तिचं घर तयार झालं.

मग रांगच लागली. रात्रपाळीच्या नर्सला दुहेरी काळं कापड हवं असे, दिवसा झोप लागावी म्हणून. कुणाला आतून खिसा हवा, फोन आणि जपमाळ ठेवायला. एका वेटरने पडद्याला खिडकी मागितली. बाई म्हणाल्या, खिडकीतून तुला काय दिसणार, समोरच्याचे पाय? तरी जाळीचा तुकडा लावून त्यांनी ती दिली. प्रत्येक पडद्याला बाई तळाशी वीतभर दुमड ठेवत, म्हणजे पलंग बदलला तर उसवून लांब करता येईल.

बाईंना माणसांची नावं आठवत नसत, कापडं आठवत. दुकानात डबा खाताना त्या नागेशरावांना सांगत, "अहो, निळे ठिपके कॅनडाला गेली. तिचा पडदा आता तिच्या मावसबहिणीने घेतलाय."

त्यांच्या देशात वस्तीच्या सगळ्यात लहान कारभाराला बारांगाय म्हणतात. चौदा व्हिला म्हणून त्यांनी गल्लीला नाव दिलं बारांगाय चौदा. दर जानेवारीत हात वर करून कप्तान निवडत. दरवेळी नेनिताच निवडून येई, कारण ज्याचा हात वर नसेल त्याचा ती स्वतःच धरून वर करी. ती एका शाळेत सफाईचं काम करायची. न्हाणीघराच्या पाळ्या, भांडणं, आजारपणं, विमानतळावर पोचवणं, सगळं तिच्याकडे. डिसेंबरात गल्लीभर कागदी चांदण्या लागत. मंदीच्या वर्षी माणसं भराभर निघून गेली आणि दोन व्हिलांत नुसते पडदे उरले. करोनाच्या वर्षी बाईंनी उरल्यासुरल्या पडद्यांच्या कापडाचे मास्क शिवले. मग ज्याचा पडदा फुलांचा त्याचा मास्क फुलांचा. तोंड झाकलं तरी सगळे एकमेकांना लांबून ओळखत.

वीस वर्षांत मी किती पडदे शिवले, ते कुणी मोजलं नाही. माझ्या पायट्याला बाईंच्या पायांची सवय झाली होती. त्या थकल्या असल्या की मला आधी कळे.

मग हळूहळू पायटा जड पडू लागला. बाई पोट धरून म्हणायच्या, गॅस आहे. नागेशराव म्हणायचे, डॉक्टरकडे चल. बाई म्हणायच्या, एवढे दोन पडदे होऊ देत. ते दोन झाले की आणखी दोन येत. शेवटी डॉक्टरकडे गेल्या तेव्हा उशीर झाला होता. चार महिने त्या दवाखान्यात होत्या. मागच्या वर्षी जूनमध्ये वारल्या. जेबेल अलीच्या स्मशानात त्यांना अग्नी दिला.

संध्याकाळी नागेशराव दुकानात येऊन बसले. माझ्यावर झाकण घातलं. थोड्या वेळाने नेनिता आणि दहा-बारा जणी आल्या. त्यांच्यात माणूस गेलं की नऊ दिवस रोज संध्याकाळी जमून प्रार्थना करतात, मग तिथेच बसून जेवतात, हसतात, गप्पा मारतात. घरच्यांना एकटं ठेवायचं नाही, अशी रीत. नागेशरावांना ही रीत माहीत नव्हती. तीन दिवस ते खाली मान घालून बसले. चौथ्या दिवशी एक मुलगी बाईंची नक्कल करून दाखवत होती, ग्राहकाला दटावण्याची. सगळ्या हसल्या. नागेशराव उठले, सगळ्यांना बाहेर जायला लावलं आणि आतून शटर ओढलं.

पाचव्या दिवशी त्या पुन्हा आल्या. शटर बंद. त्या फुटपाथवर पुठ्ठे टाकून बसल्या. जूनचा उकाडा, फरशी तापलेली. नऊ दिवस त्यांनी पुरे केले. आत नागेशराव माझ्या शेजारी स्टुलावर बसून ऐकत होते. उठले मात्र नाहीत.

ऑक्टोबरमध्ये व्हिलांच्या दारांवर कागद लागले. महिनाअखेर जागा रिकाम्या करायच्या, घरं पाडणार. बारांगाय चौदाची माणसं जिथे जागा मिळेल तिथे निघाली. कुणी शेजारच्या अजमानला, कुणी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या कामगार वस्तीत, कुणी देऱ्याच्या फ्लॅटमध्ये. तिथले पलंग वेगळे. काही तीनमजली, काही रुंद. जुने पडदे कुठेच बसेनात.

नेनिता हातात वही घेऊन आली. वहीत पडदे बरोबर नेणाऱ्यांची नवी मापं आणि फोन नंबर होते. ती म्हणाली, "कुया, तीस पडदे आहेत. कमी-जास्त करून द्या." कुया म्हणजे थोरला भाऊ.

नागेशराव म्हणाले, मशीन बंद आहे. खलास.

"तुम्हाला शिवता येतं. मी पाहिलंय."

"शिवता येतं. पण आधी उसवावं लागेल. तिचे टाके आहेत ते. मी माझ्या हाताने ते उसवणार नाही. नवं कापड घेऊन जा, पैसे नकोत."

नेनिताने वही पुढे धरली. मग म्हणाली, "नवं कापड कुठेही मिळतं, कुया. आम्ही घर सोडतोय. तिने शिवलेलं तेवढं तरी बरोबर नेऊ द्या."

नागेशरावांनी नकारार्थी मान हलवली. ती वही मिटून निघून गेली.

त्यांचा मुलगा दर्शन जुमेरा लेक्स टॉवर्समध्ये नोकरी करतो. त्या आठवड्यात तो आला. "बाबा, जस्ट सेल इट. दुकान पण जाणारच आहे," तो मला पाहत म्हणाला. नागेशराव म्हणाले, इन्शाल्ला, बघू. म्हणजे नाही.

पंधरा दिवस असेच गेले. गल्लीत रोज एक पिकअप उभा राही, गाद्या आणि पंखे भरले जात. एक दिवस नागेशराव कोपऱ्यावरच्या ओवेसच्या दुकानात शटरसाठी कुलूपवाल्याचा नंबर विचारायला गेले. ओवेसही शिंपी, पेशावरचा. परत आले तेव्हा त्यांच्या हातात कापडाच्या पट्ट्यांचा बोळा होता. तो त्यांनी माझ्या फळीवर ठेवला. निळी, फुलांची, काळी, दुहेरी. प्रत्येक पट्टीवर बाईंची शिवण, बारीक आणि सरळ.

माणसं पडदे ओवेसकडे घेऊन गेली होती. ओवेस चांगला माणूस, पण त्याला उसवायला वेळ कुठला? त्याने कात्री घेतली, वितीवितीने कडा कापल्या आणि कचऱ्याच्या पिंपात टाकल्या. नागेशरावांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, भाईसाब, ती माणसं म्हणाली, तुम्ही नाही म्हणालात.

नागेशराव त्या पट्ट्यांवरून बोट फिरवत बसले. मग त्यांनी माझं झाकण काढलं. जूननंतर पहिल्यांदा मला तेल मिळालं.

ते नेनिताच्या व्हिलात गेले. चौदापैकी बारा व्हिला रिकामे झाले होते. उरलेल्या माणसांचे अकरा पडदे ते खांद्यावर टाकून घेऊन आले. ब्लेडच्या टोकाने एकेक टाका उचलून त्यांनी उसवायला सुरुवात केली. कापडाला एकही भोक पडू दिलं नाही. उसवलेला दोरा गुंडाळून पाकिटात ठेवला. मग ते माझ्यासमोर बसले. त्यांचा पाय जड होता, लय चुकत होती. दोरा तीनदा तुटला. शिवण वाकडी गेली.

नेनिता दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "आते असती तर तुमच्या हातावर फूटपट्टी मारली असती."

नागेशराव थांबले. म्हणाले, "मारलीच असती." आणि दवाखान्याच्या चार महिन्यांत, अग्नी देताना, नऊ दिवसांत जे झालं नव्हतं ते तेव्हा झालं. ते माझ्यावर डोकं टेकून रडले. नेनिता आत आली आणि स्टूल ओढून शेजारी बसली. या वेळी त्यांनी तिला बाहेर काढलं नाही.

अकरा पडदे झाले. बाकीचे गेले ते गेले. नागेशराव नेनिताच्या वहीतल्या नंबरांवर फोन लावत राहिले. म्हणत, पडदा आणा, मी करून देतो. काहींनी उचलला नाही. काही म्हणाले, कुया, तो बसला नाही, टाकून दिला. मारिव्हिक म्हणाली, तिने नवा घेतला, चेन लावलेला. ती बोलायला गोड होती, पण फोन लवकर ठेवला.

आता ती गल्ली नाही. पत्र्याचं कुंपण आहे आणि आत सपाट वाळू. गेल्या जानेवारीत कप्तान निवडला गेला नाही, कारण हात वर करायला माणसं एका जागी नव्हती. मी दर्शनच्या मित्राच्या गोदामात आहे, खोक्यांच्या मागे.

रविवारी नागेशराव येतात. पुसतात, तेल घालतात, मग बसून पायटा चालवतात. दोरा नसतो. कापड नसतं. अर्धा अर्धा तास माझी सुई नुसतीच वरखाली होते.

मित्रांनो, कुणी दारात येऊन मागेल, तर तेव्हाच्या तेव्हा द्या. दुःख असेल तरी द्या. आणि तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी मशीन असेल, तर तिच्याखाली नेहमी काहीतरी घाला. फाटका रुमाल, जुनी उशीची खोळ, काहीही. कापडाशिवाय चालवलं की कापड पुढे सरकवणारे आमचे दात झिजतात. नागेशरावांना हे माहीत आहे. मला पहिल्यांदा दुकानात आणलं, तेव्हा त्यांनीच ते बाईंना शिकवलं होतं.