चावीवालीच्या दोन चाव्या

दोनशे बाराव्या दृश्यात एकोणिसाव्या फ्रेमपर्यंत चावीवालीच्या कमरेला सात चाव्या आहेत. विसाव्या फ्रेमपासून पाच. अकरा फ्रेम पाचच राहतात, मग पुन्हा सात होतात. पडद्यावर हा सगळा काळ अर्ध्या सेकंदाहून कमी.

चावीवाली ही आमच्या कार्टूनपटाची नायिका. उडते, आणि जगातलं कुठलंही कुलूप उघडते. पहिला भाग चालला म्हणून आता दुसरा. चित्रं हातानं काढली जातात, संगणकाच्या काचेवर लेखणीनं. त्यांतल्या चुका शोधून वहीत टिपायच्या आणि चित्रकाराकडे परत पाठवायच्या, हे माझं काम.

त्याआधी अकरा वर्षं मी प्रयोगशाळेत फुलपाखरांचे पंख मोजले. पहिल्या भागासाठी पंख बघायला मुख्य चित्रकार तिथे आले होते. त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांचं रेखाटन पाहून मी म्हणाले, "मागच्या पंखाची एक शीर कमी आहे." त्यांनी मोजली. "खरंच की! चूक दाखवणारं माणूस मिळायला नशीब लागतं." पुढच्याच महिन्यात आमचा प्रकल्प बंद पडला आणि मी घरी बसले. काकांना कुठून कळलं कोण जाणे. त्यांचा फोन आला, "आमच्याकडे चुका भरपूर आहेत. येता का?"

गेली सहा वर्षं मी इथे आहे. इथे मला भिंगताई म्हणतात.

आज सकाळी लेखकाशी माझी जुंपली होती. सातवी चावी पहिल्या भागाच्या शेवटी तुटली, आणि दुसऱ्या भागात तीच चावी तिजोरी उघडते.

"तिनं नवी करून घेतली असेल," लेखक म्हणाला.

"कुठे दाखवलंय?"

"अहो भिंगताई, बाई उडत समुद्र पार करते ते तुम्हाला चालतं, आणि चावीला पावती हवी?"

"उडताना ती चावी वापरत नाही."

काका खो खो हसले. "दे बाबा, एक दृश्य लिहून दे. ही सोडायची नाही. मोडलेली वस्तू गुपचूप नीट झाली की प्रेक्षक कुठे बिचकतो ते हिला बरोबर ठाऊक."

मी हसले नाही. गुपचूप नीट करण्याचं काम चार महिने मीच करत होते.

काकांच्या चित्रांतल्या चुका वाढल्या होत्या. मागच्या फ्रेममधल्या चाव्या उचलून पुढच्या फ्रेमवर बसवणं मला जमतं, तेवढं मी शिकून घेतलं होतं. वहीत नोंद करत नव्हते. ज्यांनी मला बुडताना हात दिला त्यांच्या चुकांवर पांघरूण घालणं म्हणजे उपकाराची फेड, अशी मी माझी समजूत घातली होती. चुका वर कळल्या तर काकांची खुर्ची जाईल ही भीतीही होतीच.

पण मोजायची सवय सुटत नाही. चार महिन्यांच्या एकेचाळीस चुका मी एका कागदावर ठिपक्यांनी मांडल्या. अडतीस ठिपके चित्राच्या डाव्या बाजूला, खालच्या अंगाला पडले. तीन उजवीकडे. ते तीन मला छळत राहिले. शेवटी मी त्या दृश्यांच्या जुन्या प्रती उघडल्या. चित्र नीट जमलंय का हे पाहायला चित्रकार ते आरशात दिसावं तसं उलटं करतात. या तीन दृश्यांत काकांनी चित्र उलटं असतानाच पुढचं काम केलं होतं, आणि मग सुलटं केलं होतं.

म्हणजे चूक चित्राच्या डावीकडे नव्हती. काकांच्या डावीकडे होती.

हे मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं. रोज सांगायचं ठरवत होते आणि रोज उद्यावर ढकलत होते.

दुपारी काकांनी चहाचा कप मेजावर ठेवला. वळताना डावा कोपर लागून कप फरशीवर फुटला.

"घ्या! कप कोणी ठेवला इथे?"

"तुम्हीच, काका. आत्ताच."

"असेल. हल्ली वस्तू माझ्याशी वैर धरून आहेत. काल दाराच्या चौकटीनं मारलं." त्यांनी डाव्या दंडावरचा काळानिळा डाग दाखवला. "तुझी काकू वर्षभर मागे लागलीय, डोळे दाखवा, डोळे दाखवा. तिला काय, मी जांभई दिली तरी डॉक्टर आठवतो."

मी तुकडे गोळा केले, फडक्यानं फरशी पुसली. मग तो कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांच्या उजवीकडे ठेवला.

"हे काय, नक्षत्रं?"

"तुमच्या चुका. मी दुरुस्त करत होते. तुम्हाला सांगितलं नाही, ते चुकलं माझं."

त्यांनी ठिपके पाहिले. ते तीन मी समजावून सांगितले.

"माझ्या नाकाकडे बघा," मी म्हणाले, आणि त्यांच्या डाव्या कानामागून पेन हळूहळू पुढे आणू लागले. "दिसलं की सांगा."

पेन गालासमोर आलं. त्याच्याही पुढे आलं. जवळजवळ नाकासमोर आल्यावर ते दचकले.

"आत्ता दिसलं," ते हळू म्हणाले. "मला वाटायचं, सगळं दिसतंय."

"जे दिसत नाही ते मेंदू भरून काढतो. मी डॉक्टर नाही, काका. हे कशानं झालंय ते मला सांगता येणार नाही. पण आहे ते सांभाळायचं तर थांबून चालणार नाही."

"आणि चित्रपट?"

"डावीकडचं मी तुम्हाला सांगत जाईन. वहीत लिहून. उघड."

त्यांनी कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली. "चार महिने बिनपगारी चित्रकार होतीस म्हणजे. चाव्या बऱ्या बसवतेस." "शीर कमी आहे म्हणालीस तेव्हाच मी ओळखलं होतं, ही बाई आपल्या कामाची."

माझे डोळे भरून आले. त्यांनी ते पाहिलं नाही, किंवा पाहून पाहिलं नाही. त्यांनी फोन काढला.

"अगं, ऐक," ते काकूंना म्हणाले. "त्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे. उद्याचीच. हो, मीच बोलतोय. मी येतो."